चौथा खेळाडू

बदली झाली की बापाने एकट्याने जायचं, बायकापोरांनी घरीच राहायचं, ही आमच्या जपानातली रीतच. तात्सुरोही तीन वर्षं क्योतोत एकटा राहून, घरादाराने मिळून खेळायचे व्हिडिओ गेम बनवत होता. चौघांत एखादा कमी पडला, तर गेम स्वतःच त्याच्या जागी खेळे आणि पोरं खूश व्हावीत म्हणून मुद्दाम हरे. ही करामत त्याचीच.

नववर्षाला तो घरी आला, तेव्हा बायको आणि दोघी मुली तोच गेम खेळत होत्या. चौथ्या बाहुल्यावर नाव होतं, ‘बाबा’.

“सरका गं, मी आलोय ना आता.”

“नको ना, बाबा,” धाकटी कोहारु पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “हे बाबा कसे छान हरतात!”

“बरं,” म्हणून तो संत्रं सोलत बसला. पडद्यावरचे बाबा हरले. तिघींनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या.