पत्र्याखालचा चंदेरी कागद

मित्रांनो, मी एक जुना चंदेरी कागद आहे. सजावटीचा नव्हे, घराच्या पत्र्याखाली ताणून बसवतात तो. माझी एक बाजू आरशासारखी चकचकीत असते. वरचा पत्रा कितीही तापला, तरी त्याची धग ही बाजू खाली सोडत नाही. पण हे काम कुणाला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून माझी किंमतही कुणाला कळत नाही.

कारखान्यातून माझी गुंडाळी आली ती थेट मिरजगावला, अंगदच्या पोल्ट्रीत. तिथे कोंबड्यांच्या डोक्यावर मी काही उन्हाळे काढले. अंगद आल्यागेल्याला मला कौतुकाने दाखवायचा. पुढे त्याने पोल्ट्री बंद केली आणि मला गुंडाळून खताच्या पोत्यांखाली दाबलं. उंदरांनी माझी कड कुरतडली, तरी कुणी फिरकलं नाही.

मग एका चैत्रात त्याचा शेजारी मच्छिंद्र आला. त्याची लेक ज्ञानेश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची खोली पत्र्याची होती.

"कोंबड्यांना गारवा, आन माझ्या लेकीनं पत्र्याखाली भाजायचं व्हय?" असं म्हणून त्याने मला घरी नेलं. माळ्यावर चढून, पत्र्यापासून वीतभर खाली, धूळ बसू नये म्हणून चकचकीत बाजू जमिनीकडे करून त्याने मला तारांवर ताणलं.

बाळ झालं. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. आता त्या मायलेकरांना माझ्यावाचून कोण होतं? मी जीव ओतून काम केलं. "आई, या खोलीत लई बरं वाटतंय," ज्ञानेश्वरी म्हणाली, तेव्हा मला धन्य वाटलं.

पण तिची आई चांगुणा काळजीत पडली. "खोली गार पडलीया. पोराला सर्दी व्हईल," म्हणत तिने शेगडी आणली. गोवऱ्या पेटवल्या, वर ओवा आणि वावडिंग टाकलं. सकाळ-संध्याकाळ शेक आणि धुरी सुरू झाली. मी खोली गार ठेवली, म्हणून त्यांनी खोलीत विस्तव आणला! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून धूर वर येई आणि माझ्या चकचकीत अंगावर बसे. रोज थोडा थोडा मी काळा पडत गेलो. चकाकी गेली तसा माझा जोरही गेला. मी पत्र्याची धग खाली सोडू लागलो. खाली बाळाच्या अंगावर घामोळ्या उठल्या. ते खोकू लागलं, दूध ओढेना. मी सगळं वरून बघत होतो आणि काहीच करू शकत नव्हतो.

"त्यो चांदीचा कागदच ऊन धरतोय. काढा त्याला आधी," चांगुणा म्हणाली. दोष माझ्याच माथी आला.

मच्छिंद्र माळ्यावर चढला. मला हात लावताच त्याची बोटं काळीकुट्ट झाली. खाली येऊन त्याने हात पुढे केला. "काजळी हाय ही. कुठनं आली एवढी?"

मग ज्ञानेश्वरीने बाळाचं नाक पुसलेलं फडकं बापापुढे धरलं. त्यावरही तीच काजळी होती.

चांगुणाने ते फडकं हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. मग स्वतःच शेगडी उचलून अंगणात नेली. मायेपोटीच तिने सगळं केलं होतं, तिच्यावर मी किती रागावणार? तरी राग जात नाही.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रने मला ओल्या फडक्याने पुसलं. मी पुन्हा चमकतो आहे, खोलीही निवली आहे. बाळ मात्र अजून खोकतंय. मित्रांनो, आमच्यासारख्यांची चकाकी जपा, घरात धूर कोंडू नका. मला पुसायला एक फडकं पुरलं. त्या एवढ्याशा छातीत गेलेला धूर कोण पुसणार?