कप्तानाचं बोलणं शेगडीत गेलं

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, पण जन्माने वही नव्हे. भिंतीला लावायच्या कागदांचे नमुने दाखवण्यासाठी हार्लिंगन बंदरातल्या एका दुकानदाराने मला बांधलं. निळी फुलं, सोनेरी पट्टे असा माझा थाट होता! नमुने जुने झाले तेव्हा त्याने मला नऊ वर्षांच्या सीत्स्केला देऊन टाकलं.

सीत्स्केचे वडील वीब्रेन मालवाहू जहाजावर खलाशी होते. दहा महिन्यांच्या सफरीवर निघताना ते तिला म्हणाले होते, "वर्तमानपत्रातला कप्तान हिल्ब्रांट रोज कापून ठेव. आल्यावर एकदम वाचीन."

ही रोजची चित्रकथा शिडाच्या जहाजावरची होती. वर तीन चित्रं, खाली बारीक अक्षरांत मजकूर. सीत्स्के बटाट्याच्या पिठाची खळ करून एकही दिवस न चुकता ती चिकटवत असे. माझी फुलं झाकली गेली, पण मला मुळीच वाईट वाटलं नाही. समुद्र अंगावर घ्यायला कोणाला आवडणार नाही?

वीब्रेन परत आले. दाढी वाढलेल्या त्या माणसाला पाहून सीत्स्के आईच्या मागे लपली. दोन दिवस ती त्यांच्याशी बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी कॉफी घेताना त्यांनी मला मांडीवर घेतलं.

"अगं, हा कप्तान तोंड उघडून उभा आहे. पण बोलतोय काय?"

"खालचं लिहिलेलं कुठंय?" आईने विचारलं.

"शेगडीत," सीत्स्के पुटपुटली. "नुसती चित्रं लावली की पानावर जास्त मावतात."

"शहाणीच आहेस! मासा फेकलास आणि काटे जपलेस," वीब्रेन म्हणाले.

सीत्स्केचे डोळे भरून आले. बाबांनी सांगितलेली एकच गोष्ट, तीही बिघडली. आता ते आपल्याशी कधीच बोलणार नाहीत, असं तिला वाटलं. मलाही तेच वाटलं.

वीब्रेननी खिशातून पेन्सिल काढली आणि वादळाच्या एका चित्रावर टेकवली. "बरं, तूच सांग. इथे काय म्हणाला असेल?"

"नांगर टाका!" ती हळूच म्हणाली.

"एवढ्या खोल पाण्यात? तळाला तरी लागेल का तो? आधी शिडं उतरव, बाई."

"पण कप्तान कुठे घाबरलाय?"

"घाबरलाय तर! पाइप बघ, उलटा धरलाय."

सीत्स्के वाकून पाहू लागली. मग तिने विचारलं, "बाबा, तुम्ही घाबरता?"

"दर खेपेला," ते म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. तीन आठवड्यांत दोघांनी कप्तानाचं बोलणं लिहून माझं पान न् पान भरून काढलं. भांडणं तर किती झाली! आई म्हणायची, "जहाज एक आणि कप्तान दोन." बाबा पुन्हा सफरीवर गेले, तेव्हा बंदरावर सर्वांत जोरात हाका सीत्स्केनेच मारल्या.

पुढे मी कित्येक वर्षं माळ्यावर पडून होते. उंदरांनी माझे दोन कोपरे खाल्ले. परवा जुन्या चित्रकथा जमवणारे एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे छापील मजकूर पूर्ण होता. "पेन्सिलीचं पुसून हा चिकटवू या," ते म्हणाले. "तुमची वही अगदी पूर्ण होईल."

सीत्स्केचे केस आता पांढरे झाले आहेत. तिने मला छातीशी धरलं.

"नको हो. छापील कप्तान एकदाही घाबरत नाही."

मित्रांनो, पेन्सिलीचं अक्षर पुसट होत जातं. तुमच्याही घरी असं काही असेल, तर ते कपाटात कोंडू नका. ज्याने लिहिलं त्याच्याजवळ बसा आणि मोठ्याने वाचा.