सिप्पोराबाईंची पारख

सिप्पोराबाई नवगावकर लंडनजवळच्या इल्फर्डला राहायला आल्या, पण थाट अलिबागच्या किनाऱ्यावरचाच घेऊन आल्या. लुगड्यावर पुरुषी ओव्हरकोट, पायात लोकरीचे मोजे आणि हातात छत्री अशा त्या बाजारात शिरल्या की मासळीवाला इंग्रज आपणहून ताजं पापलेट पुढे करायचा. शाळा त्यांनी दुसरीपर्यंत पाहिली आणि दुसरीतच तिचा कंटाळा केला. पण माणूस समोर उभं राहिलं की त्याचं गाव, घराणं, आजोळ सगळं आपण चेहऱ्यावरून वाचतो, असं त्या छातीठोकपणे सांगायच्या. घरात हे खोडून काढायची कुणाची टाप नव्हती. घरात होतं तरी कोण? एकटा नातू, एझरा. आईबाप लवकर गेलेलं पोर बाईंनी तळहाताच्या फोडासारखं वाढवलेलं, आणि आता सहा फूट उंच होऊन लग्नाचं म्हणत होतं.

मुलगी वॉटफर्डची, शुलामीथ, हॉस्पिटलात एक्स-रे काढणारी. आपल्यातलीच, मराठी बोलणारी. बाई हरखल्या. हरखल्या त्या शनिवारपर्यंतच. शनिवारी सिनेगॉगच्या पायरीवर एका भल्या बाईनं कानात सांगितलं, "त्या पोरीची आजी काळ्यांतली हो!"

आता हे समजून घ्यायला हवं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत, गोरे आणि काळे असे दोन तट. शनिवारचा शब्बाथ दोघांचा एकच, बोली एकच, नारळाच्या रसातलं कोंबडीचं कालवणही एकच. पण आपल्या घरात कधी परक्या रक्ताची बाई आली नाही असं जे स्वतःबद्दल सांगतात ते गोरे, आणि ज्यांच्याबद्दल गोरे तसं सांगत नाहीत ते काळे. कातडीशी याचा संबंध नाही. सिप्पोराबाईंचे यजमान तव्याच्या बुडाशी स्पर्धा करायचे, पण अस्सल गोरे.

"नाही म्हणजे नाही," बाई म्हणाल्या.

"आजी, हे एकोणीसशे बहात्तर साल आहे," एझरा म्हणाला. "असलं आता कुणी बघत नाही."

"मी आहे ना अजून बघायला!"

"मग तूच बघ. रविवारी चहाला बोलावतो. पण सांगून ठेवतो, तू आशीर्वाद दिलास तर लग्न करीन. नाही दिलास तर तिच्याशी करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही. बस मग लोकांची नाकं बघत."

पोरगं हट्टाला बाईंवरच गेलेलं. तसाच बसला असता जन्मभर. बाईंना ते पक्कं ठाऊक होतं, पण तोंडानं म्हणाल्या, "आण. नाकावरून सांगीन, घोट्यावरून सांगीन. मनगट बघितलं तरी कळतं मला."

साक्षीला त्यांनी शेजारच्या ग्रेटाला बोलावलं. ग्रेटा जर्मनीतली ज्यू. हिटलरच्या राज्यातून पोरवयात एकटी आगगाडीत बसून निघाली आणि इथे पोचली. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून एकमेकींचं बोलणं दोघींना लख्ख कळायचं. बाकी इंग्रजांनाच त्रास.

रविवारी बाईंनी करंज्या तळल्या. नकार द्यायचा म्हणून काय झालं, उपाशी पाठवायचं नव्हतं. ऐन वेळी दूध संपलेलं दिसलं. एझरा शेजारच्या गल्लीत पळाला आणि तेवढ्यात बेल वाजली.

दारात दोन मुली. एक सावळी, ठेंगणी. ती हातातला केकचा डबा सांभाळत "किचन कुठे, आजी?" म्हणून सरळ आतच गेली. ही मैत्रीण असणार, हाताखालची, बाईंनी ठरवून टाकलं. दुसरी मात्र दारातच उभी. उंच, केतकीसारखा वर्ण, सरळ नाक, डोळे घारे.

हीच शुलामीथ, बाईंनी हेही ठरवून टाकलं. त्यांनी मुलीचा हात धरून तिला दिवाणखान्यात आणली, खिडकीशी उभी केली, हनुवटी वर केली, मनगट फिरवून पाहिलं.

"आजी, पण मी तो..." मुलगी म्हणाली. लंडनात वाढलेली, मराठी जरा लंगडतच चालायचं.

"तू थांब गं! ग्रेटा, बघितलंस? हे नाक बघ. नवगावच्या जुन्या घरांत असलं नाक. हा घोटा बघ. सात पिढ्या बाहेरचा थेंब नाही हिच्यात. काळी म्हणे! जीभ झडो त्या बाईची. मी सांगते, हिच्याइतकं चोख इस्राएली रक्त अख्ख्या लंडनात नाही!"

मागे दुधाची बाटली घेऊन एझरा उभा. त्याच्यामागे स्वयंपाकघरातून आलेली सावळी मुलगी, हातात बशा.

"आजी," एझरा घशातलं हसू गिळत म्हणाला, "ही वीणा. स्टॅनमोरच्या डॉक्टर बापटांची मुलगी. शुलामीथला सोडायला आलीय."

"बापट?"

"बापट."

"म्हणजे भटांची?"

"एकदम चित्पावन, आजी," वीणा ओशाळून म्हणाली. "सॉरी."

मग ग्रेटा हसायला लागली. तिला साधं नीट हसताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि आता ती खुर्चीवर पोट धरून वाकली, चष्मा काढला, डोळ्यांतून पाणी. सिप्पोराबाईंचा पारा चढला. "एवढं काय झालं गं दात काढायला? तुझी का कधी चूक झाली नाही?"

"माझी नाही, माझ्या मास्तरांची," ग्रेटा कसाबसा श्वास घेत म्हणाली. "सिप्पोरा, तू अगदी त्यांच्यासारखी दिसलीस!"

आणि तिनं सांगितलं. ग्रेटा अकरा वर्षांची असताना वर्गात वंशाचा धडा असायचा. कुणाचं रक्त उंच, कुणाचं नीच, ते मास्तर शिकवायचे. एक दिवस शहरातून मोठे तज्ज्ञ आले, डोकं मोजायचा वाकडा चिमटा घेऊन. त्यांनी वर्गावर नजर फिरवली आणि सोनेरी वेण्यांच्या ग्रेटालाच पुढे बोलावलं. कपाळ मोजलं, नाक मोजलं, हनुवटी वर केली. "बघा मुलांनो, याला म्हणतात शुद्ध जर्मन कवटी!" अख्खा वर्ग खुदुखुदु हसतोय, कारण शुक्रवारी ग्रेटाच्या घरी शब्बाथच्या मेणबत्त्या लागतात हे सगळ्यांना ठाऊक. शेवटी तीच म्हणाली, "सर, मी ज्यू आहे." तज्ज्ञांचं तोंड बीटासारखं लाल!

आता एझरा हसला, मुली हसल्या. सिप्पोराबाईंच्याही ओठाचा कोपरा हलला.

"घरी आठवडाभर आम्ही हेच हसत होतो," ग्रेटा म्हणाली. "पप्पा रोज जेवताना म्हणायचे, आमच्या शुद्ध कवटीला अजून बटाटे वाढा. धाकटा वॉल्टर तर सूपच्या चमच्यानं सगळ्यांची डोकी मोजत हिंडायचा." तिनं चष्मा पुसला. "पुढे त्या चिमटेवाल्यांनी पप्पांना नेलं, मम्मीला नेलं, वॉल्टरला नेलं. तेव्हा कुणाला हसू आलं नाही. गंमत म्हणजे, सिप्पोरा, त्यांना आमच्यातला फरक कधीच दिसला नाही. तो आधी मनात ठरवायचे आणि मग चिमटा लावायचे."

बाईंनी वीणाचं मनगट अजून धरलेलं होतं. त्यांनी ते हळूच सोडलं, पदरानं उगीच पुसल्यासारखं केलं. ग्रेटापुढे करंज्यांची बशी सरकवली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग सावळ्या मुलीकडे वळल्या.

"तू काय गं, डबा घेऊन आत पळालीस? दारात नाव सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" शुलामीथ म्हणाली. आवाज शांत, पण मान ताठ. "आणि आता तुम्ही मला पसंत केलंत तरी माझं उत्तर बाकी आहे. माझी आजी, दीना, आज आली नाही. तिला नवगावात तुमच्या पंगतीला बसू देत नसत. ताट वेगळं, तांब्या वेगळा. ती म्हणाली, इतक्या लांब येऊन पुन्हा वेगळं ताट कशाला? तिच्याशी बोला आधी."

एझराचा चेहरा पडला. आजी आणि कुणाच्या दारात जाऊन बोलणार? आजवर प्रत्येकानं त्यांच्या दारात यायचं, हाच शिरस्ता.

"गाडी कुणाची आहे?" बाईंनी विचारलं.

"माझा आहे," वीणा म्हणाली.

"मग उठा सगळे. ग्रेटा, कोट घाल. चहा वॉटफर्डला पिऊ."

छोट्या गाडीत पाच जणं कोंबून निघाली. बाई पुढे, छत्री गुडघ्यात धरून, वाटभर वीणाला "हळू चालव", "अगं, किती हळू!" असं आळीपाळीनं सांगत.

दीनाबाईंनी दार उघडलं. वाळक्या, काटक, पांढरा अंबाडा. बाईंना बघून त्यांनी दाराची कडी सोडली नाही.

"नवगावकरांच्या थोरल्या ना? वाट चुकलात?"

"चुकले होते," सिप्पोराबाई म्हणाल्या. "बाई, घरात पोहे आहेत का?"

दीनाबाई जरा बघत राहिल्या. शुलामीथनं मागून मान हलवली. मग दार पुरतं उघडलं.

पोहे भिजले, खोबरं खवलं, गूळ, वेलची पडली, केळी-सफरचंदं चिरली. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन मलिदा करायचा तो शुभ कामालाच, हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. एझरानं आशीर्वाद म्हटला. दीनाबाईंनी मलिदा वाढला, आणि एक ताटली मुद्दाम टेबलाच्या पार टोकाला नेऊन ठेवली.

"तुमची वेगळी काढलीय. तुम्हाला चालत नाही ना."

सिप्पोराबाई उठल्या. खुर्ची फरपटत दीनाबाईंच्या शेजारी आणली, बसल्या, आणि दीनाबाईंच्याच ताटलीत हात घालून मोठा घास तोंडात टाकला. सगळे बघताहेत. बाई चावताहेत.

"गूळ जास्त झालाय गो," त्या म्हणाल्या.

"तुझ्या जिभेला तो कमीच पडायचा," दीनाबाई म्हणाल्या.

"आणि खोबरं असं जाडं खवतात?"

"खायचं तर खा, नाही तर हात काढ माझ्या ताटलीतून!"

बाईंनी हात काढला नाही. दुसरा घास घेतला. दीनाबाईंनी ताटली अर्धी वीत त्यांच्याकडे सरकवली आणि तोंड फिरवून हसल्या. ग्रेटा वीणाला विचारत होती, हे दूध नसताना इतकं छान कसं लागतं, आणि वीणा म्हणत होती, मला काय माहीत, मी तर भटांची.

शुलामीथनं पलीकडून हात लांब करून त्याच ताटलीतलं केळं उचललं. बाईंनी तिच्या हातावर चापट मारली.

"आधी त्याला दे. बघ कसा बसलाय, तोंड वासून."

"मी अजून हो म्हटलेलं नाही, आजी."

"मग म्हण की बाई लवकर! पोहे वाळताहेत."

शुलामीथ हो म्हणाली, पण तोंडात केळं असल्यामुळे तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.