पिनांगच्या धक्क्यावरची लाँच

मी एक जुनी लाँच आहे. मलायातल्या पिनांग बेटासमोरच्या चिखलात एका कुशीवर कलंडून पडले आहे. मित्रांनो, माझा रंग कधीच उडाला, पण फळ्या अजून सागवानी आहेत आणि मला सगळं आठवतं.

चिनी सुतारांनी मला घडवलं. बेटावरून पलीकडच्या काठावर मी माणसं नेत असे. हमदान माझा तांडेल होता. सिन्नप्पा इंजिन सांभाळायचा. सुट्टीच्या दिवशीही हमदान माझं पितळ घासत बसला की सिन्नप्पा ओरडायचा, "अरे, तुझं लग्न साल्माशी झालंय, लाँचशी नाही! घरी जा की!" साल्मा, त्याची बायको, धक्क्यावर नारळाच्या दुधातला भात विकायची.

राज्य इंग्रजांचं, म्हणून पुढची बाकं गोऱ्या साहेबांची. ती रिकामी असली तरी कुणी तिथे टेकत नसे. "साहेब आहेत म्हणून आपण सुखात आहोत," असं हमदान मनापासून म्हणायचा.

मग जपानशी युद्ध पेटलं. बाजारावर बॉम्ब पडले. आग विझवायला माणूस उरला नाही, प्रेतं रस्त्यातच राहिली. साल्माच्या पोटात लोखंडाचा तुकडा घुसला. बेटावर डॉक्टर मिळेना. पलीकडे नेलं तर वाचेल, या आशेनं हमदाननं तिला उचलून धक्क्यावर आणलं.

तिथे गोरी कुटुंबं माझ्यात चढत होती. बंदराचा साहेब फळीपाशी उभा होता.

"साहेब, ही एकटीच. माझ्या पायांशी निजवतो."

"फक्त गोरे. वरून हुकूम आहे, हमदान."

"अहो, बाकावर टोप्यांच्या पेट्या ठेवल्यात!"

"लाँच सोड. नाहीतर गोळी घालीन."

सिन्नप्पा खाली उतरला. "जा तू. इंजिन बंद करू नकोस, तसाच माघारी ये. मी वहिनीपाशी बसतो."

मित्रांनो, मी जिवाच्या आकांतानं धावले. रिकामी परत आले तेव्हा सिन्नप्पा साल्माच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून आपला सदरा धरून बसला होता.

"आत्तापर्यंत विचारत होती," तो म्हणाला, "लाँच दिसते का म्हणून."

पुढे सिंगापूरच्या रेडिओनं सांगितलं, पिनांगच्या बहुतेक लोकांना सुखरूप हलवलं आहे. "म्हणजे आपण लोकांत नाही," सिन्नप्पा म्हणाला. हमदाननं रेडिओ बंद केला.

जपानी आले. त्यांनी मारलं, उपाशी ठेवलं. सिन्नप्पाला रेल्वे बांधायला धरून नेलं, तो पुन्हा दिसला नाही. हमदाननं माझं पितळ घासणं सोडून दिलं.

शेवटी युद्ध साहेबांनीच जिंकलं. त्यांचं निशाण पुन्हा चढलं. तोच बंदराचा साहेब एके सकाळी धक्क्यावर आला आणि सवयीनं सगळ्यांच्या पुढे घुसला.

"हमदान! ओळखलंस ना?"

"ओळखलं. रांगेत उभे राहा."

साहेबानं शिपायाकडे पाहिलं. शिपाई पाण्याकडे बघत राहिला. मग साहेब मुकाट्यानं एका मासेवालीच्या मागे जाऊन उभा राहिला. निशाण उतरायला पुढे बरीच वर्षं लागली, पण मी त्याच सकाळी ओळखलं की यांचं राज्य संपलं.

हमदानही गेला. आता माझ्या पोटात खेकडे राहतात. मित्रांनो, माझी डागडुजी करा असं मी म्हणत नाही. एवढंच मागते, कधी लाँच तुमच्या हाती आली, तर सोडण्याआधी धक्क्यावर कोण निजलंय ते बघा.