कारणाच्या जागी टिंब

मी एक जुने बटण आहे. माझ्यावर 'लपवा' एवढेच लिहिले आहे. घरच्या घरी लाकूडकाम करणाऱ्यांच्या एका ऑनलाइन मंचावर, प्रत्येक मजकुराच्या कोपऱ्यात मी अंग चोरून बसलेले असते.

मित्रांनो, मला एका सुताराच्या लेकीने घडवले. वडिलांच्या हातचे कसब चार लोकांपर्यंत पोहोचावे म्हणून तिने हा मंच उभारला. कुणी शिवीगाळ केली किंवा फसवी जाहिरात टाकली, तर जुन्या सभासदांपैकी तिघांनी मला दाबायचे, की तो मजकूर झाकला जाई. "पण कारण लिहिल्याशिवाय दाबायचं नाही हं," असे ती सर्वांना बजावत असे. लोक मला दाबण्याआधी दहादा विचार करत. मंच स्वच्छ राहिला, माझे कौतुक झाले. खरे सांगते, मी थोडे फुशारलेही.

पुढे लोकांना कारण लिहिण्याचा कंटाळा येऊ लागला. रकाना रिकामा सोडता येत नसे, म्हणून कुणीतरी नुसते टिंब दिले. ते चालून गेले. मग काय, सगळेच टिंब देऊ लागले.

त्याच सुमारास रंधाकाका मंचावर आले. हे त्यांनी स्वतःच घेतलेले नाव. त्यांना बिजागरीबद्दल विचारा, ते आपल्या वडिलांनी केलेल्या पाळण्यापासून सुरुवात करत. गाडी बिजागरीवर यायची, पण वळसे घेत घेत. 'मुकादम' म्हणवणाऱ्या एका जुन्या सभासदाला ते सोसवेना. "काय हे चऱ्हाट! दाबा रे," असे तो आपल्या दोघा मित्रांना कळवी. तीन टिंबे पडत आणि काका झाकले जात. पुढे तर नुसते नाव दिसले तरी ते तिघे न वाचताच मला दाबत. त्या मजकुरात ना शिवी होती, ना जाहिरात. मला सारे दिसत होते. पण बटणाला नाही म्हणता येत नाही.

एके दिवशी काकांच्या पत्नीने मंचावर लिहिले, "गळ्याच्या ऑपरेशननंतर ह्यांचा आवाज गेलाय. घरी पाटीवर दोन शब्द लिहून दाखवतात. पोटभर बोलायचे ते फक्त तुमच्याकडे. आता कितीतरी दिवसांत कंप्युटरला हात लावला नाही. काय चुकलं त्यांचं, तेवढं तरी सांगा."

सुताराच्या लेकीने कारणे उघडून पाहिली. सगळीकडे टिंबेच होती. 

तिने काकांचा सारा मजकूर पुन्हा खुला केला. मुकादमाने सर्वांसमोर माफी मागितली. "काका, या हो परत. पाळण्याचं सांगायचं राहिलंय तुमचं," असे त्याने लिहिले. दुसऱ्या दिवशी काकांचे उत्तर आले. त्यात वडील नव्हते, पाळणा नव्हता. पानेच्या पाने लिहिणाऱ्या त्या माणसाने एवढेच लिहिले होते, "आता लांबण लावणार नाही."

मित्रांनो, ते वाचून मला माझ्या असण्याचीच लाज वाटली. आता टिंब देऊन मी दाबले जात नाही. तुमच्याही हाती कधीतरी माझ्यासारखे बटण येईल. दाबण्याआधी समोरचे पूर्ण वाचा. जे कारण त्या माणसाच्या तोंडावर सांगता येणार नाही, त्यासाठी मला हात लावू नका.

काका अधूनमधून येतात. विचारले तेवढ्याचे एका ओळीत उत्तर देतात आणि जातात. पाळण्याची गोष्ट अजून अर्धीच आहे.