वूफरची जागा

जावयाने वूफर दोन्ही हातांनी उचलला आणि सासऱ्यांच्या आरामखुर्चीत नीट टेकवून बसवला. मागे उशीही लावली. सासरे वर्तमानपत्र हातात घेऊन शेजारी उभे होते, आपल्या जागी दुसऱ्याला बढती मिळाल्यासारखे.

“बेबी,” ते मुलीला म्हणाले, “ह्यांना विचार, मी कुठे बसायचं.”

बेबी सोफ्यावर वायरींचा गुंता सोडवत होती. नवरा वडिलांच्या कोपराला लागून उभा होता. पण लग्न झाल्यापासून वडील त्याच्याशी बोलत ते असं तिच्यामार्फत. इथे राहायला आले तरी रीत मोडली नाही. एकदा गॅस चालू राहिल्याची बातमी त्यांनी न्हाणीघराच्या दाराबाहेर उभं राहून तिला दिली होती. जावई तेव्हा गॅसपाशीच होता.

आज मात्र जावयाने ठरवूनच टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत स्पीकर लागले पाहिजेत आणि सासऱ्यांच्या तोंडून एक तरी शब्द थेट निघाला पाहिजे. कुठलाही चालेल. शिवीसुद्धा.

बाकीचे स्पीकर आपापल्या जागी लागले होते. राहिला होता हा वूफर, जाड आवाजाचा डबा.

“जाड आवाज खोलीत कुठे दाटतो, कुठे विरतो,” तो सासऱ्यांकडे बघून म्हणाला. “म्हणून डबा ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथे स्वच्छ ऐकू येईल, तिथे डबा कायमचा.”

“बेबी, रांगायचं म्हणजे?”

“रांगायचं म्हणजे रांगायचं, बाबा.”

जावयाने बटण दाबलं. खुर्ची घुमू लागली. तो गुडघ्यांवर उतरला आणि भिंतीच्या कडेने निघाला. कपाटापाशी नुसता गोंगाट होता. खिडकीखाली मात्र एकेक ठोका धुऊन ठेवल्यासारखा निघत होता. त्याने तिथे चिकटपट्टी लावली. काम झालं होतं.

मागे वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. सासरे आधी एका गुडघ्यावर आले, मग दुसऱ्यावर. दोन्ही गुडघ्यांनी कडकडून हरकत घेतली, पण ते निघाले. जावईही पुन्हा रांगू लागला. टेबलापाशी दोघे समोरासमोर आले. सासरे थांबले. जावई उलटा रांगत मागे सरला.

दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या होत्या; त्यांची भांडी थरथरत होती. बेबी त्यांची समजूत काढायला बाहेर गेली.

स्वयंपाकघराच्या दारात सासऱ्यांनी मान तिरपी केली. डोळे मिटले.

“बेबी,” ते म्हणाले. मग इकडेतिकडे पाहिलं. बेबी नव्हती. खोलीत एकच माणूस होता.

“अहो,” ते म्हणाले, “इकडे या. इथे ऐका.”

जावई रांगत गेला. त्यांच्या कानाशेजारी कान नेला. तिथे आवाज गादीखाली दाबून धरल्यासारखा येत होता.

“कसं वाटतं?”

“इथेच,” जावई म्हणाला. “अगदी इथेच.”

बेबी परत आली तेव्हा वूफर स्वयंपाकघराच्या दारात बसलेला होता.

“इथे? येताजाता सगळ्यांचे अंगठे फुटतील.”

सासरे तिच्याकडे वळले नाहीत. “वायर चौकटीवरून घ्या,” ते जावयाला म्हणाले. “नाहीतर पायात येईल.”

“घेतो,” जावई म्हणाला. वायर आणायला जाताजाता त्याने खिडकीखालची पट्टी नखाने खरवडून काढली.