सहदेवचा गुडघा आणि विम्याचा बोर्ड

मी एक जुनी कुबडी आहे, मित्रांनो. सागाच्या लाकडातून एका सुताराने मला घडवले. काखेत टेकते तिथे चिंध्या गुंडाळून वर कातडे शिवले आणि बुडाला रबर ठोकले. मी दवाखान्याची. तिथून मी पहिल्यांदा सहदेवच्या काखेत गेले.

सहदेव खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत हमाल होता. कापसाची गाठ अंगावर घसरली आणि त्याचा गुडघा मोडला. शस्त्रक्रिया कामगार विम्यातून झाली. घरी बसल्याचा भत्ताही सुरू झाला. पण गुडघा काही वाकेना. पाय माझ्यासारखाच ताठ!

दवाखान्यात सिंधूताई व्यायाम करून घेत. त्या पाय धरून हळूहळू वाकवत, तेव्हा सहदेव कळवळून ओरडे. मी भिंतीला टेकून ते ऐकत असे. "आत्ता वाकला नाही, तर पुढे कधीच वाकणार नाही," त्या बजावत. पण या व्यायामाला विम्याची मंजुरी विम्याच्या वैद्यकीय बोर्डाच्या तारखेपर्यंतच होती. त्यापुढे काय करायचे, ते बोर्डाचे डॉक्टर पाय तपासून ठरवणार होते.

त्यातच त्याचा सोबती शालिग्राम घरी आला. "बोर्डासमोर पाय वाकवू नको बे," तो म्हणाला. "वाकला का भत्ता बंद. अन् लगेच गाठी उचलाले जा."

शालिग्रामच्या मनात वाईट नव्हते. पण त्या दिवसापासून सहदेव दवाखान्यात जाईनासा झाला. खाटेवर पाय लांब करून तो नुसता छताकडे बघत राही. दारात कोणी आले, तरी दचकून पायावर पांघरूण ओढी.

"अवो, काऊन जात नाही तुम्ही दवाखान्यात?" बायकोने, जनकाबाईने विचारले.

"मले भेव वाटते, जनका. पाय वाकला तं भत्ता जाईन. नाही वाकला तं पाय जाईन."

जनकाबाईने मला उचलून त्याच्या हाती दिले. "भत्ता गेला तं मी कामाले जाईन. पाय गेला तं कोठून आणू?"

तो पुन्हा व्यायामाला जाऊ लागला.

बोर्डाच्या दिवशी तो माझ्यावर भार टाकत, फरशीवर टकटक करत खोलीत गेला. आत डॉक्टर म्हणाले, "पाय वाकव."

सहदेवने डोळे मिटले. मला वाटले, आता हा शालिग्रामचेच ऐकणार. पण त्याने दात आवळले आणि पाय वाकवला. अर्ध्यावर येऊन तो अडला.

"याच्यापुढं नाही होत, साहेब."

डॉक्टरांनी गुडघा चाचपला. "वाकतो आहे, म्हणजे व्यायामाचा उपयोग होतो आहे. तो चालू ठेव. ताठच राहिला असता, तर मी बंद करायला सांगितले असते."

"अन् भत्ता, साहेब?" सहदेवने विचारले.

"या पायावर गाठ उचलशील का? नाही ना? मग भत्ता कसा बंद होईल?"

बाहेर ओट्यावर बसून तो लहान मुलासारखा रडला.

पुढे तो बिनकुबडीचा चालू लागला. मी दवाखान्यात परतले. त्यानंतर कितीतरी काखांचा घाम माझ्यात मुरला. आता मी कोठीत धूळ खात पडले आहे. माझे रबर झिजले आहे. ओली फरशी आठवली की मला धडकी भरते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी असे लंगडत चालत असेल, तर मागून "पडशील, पडशील" असे ओरडू नका. त्याच्या बाजूने चाला. आणि मला बाहेर काढाल, तेव्हा आधी माझे रबर बदला. माझ्यावर भार टाकणारा माणूस माझ्यामुळे पडायला नको.